काळीतली पांढरी: हवाई छायाचित्रांतून बुजलेल्या वसाहती आणि मातीचे तट कसे शोधावेत

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग मानले जातात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद नुसता बोलण्यातला नाही. जिथे माणसे शेकडो वर्षे नांदली, तिथे चुलीतली राख, सारवणाचे थर, पडलेल्या भिंतींची माती, हाडे आणि खापऱ्या एकमेकांवर साचत गेल्या, आणि गाव उठून गेल्यावरही त्या जागेची राखाडी-पांढरी माती भोवतालच्या काळ्या रानात वेगळी ओळखू येते. रानातून चालणाऱ्याला ती पायाखाली लागते. वरून पाहणाऱ्याला तिचा पूर्ण आकार दिसतो.

हवाई छायाचित्रांतून जुन्या जागा शोधण्याची पद्धत प्रामुख्याने इंग्लंडमध्ये, खडूच्या पांढऱ्या जमिनीवर घडली. तिथे जुना चर बुजतो तेव्हा त्यात काळसर माती भरते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. दख्खनच्या पठारावर बहुतेक वेळा रंगांचा हा हिशेब उलटा असतो, ऋतू वेगळे असतात आणि पिकेही वेगळी असतात. त्यामुळे तिकडचे नियम जसेच्या तसे उचलले तर हाती फारसे लागत नाही. पुढे दिलेल्या पायऱ्या आपली माती, आपले हंगाम आणि घरबसल्या मिळणारी छायाचित्रे यांचा विचार करून मांडल्या आहेत. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, पण सवड आणि चिकाटी मात्र लागते.

खुणा उमटतात कशा

जमिनीखालचे अवशेष छायाचित्रात थेट दिसत नाहीत. त्यांचा वरच्या थरावर झालेला परिणाम दिसतो. हा परिणाम चार प्रकारचा असतो.

पहिला परिणाम सावलीचा. तट, टेकाड, खंदक यांची उंची-खोली अजून थोडीफार शिल्लक असेल तर तिरप्या उन्हात त्यांची एक बाजू उजळते आणि दुसरी काळवंडते. दुसरा मातीच्या रंगाचा, जो नांगरटीनंतर उघडा पडतो. तिसरा पिकाचा: बुजलेल्या चरातली खोल, भुसभुशीत माती ओल जास्त काळ धरते, म्हणून तिच्यावरचे पीक उंच वाढते आणि उशिरापर्यंत हिरवे राहते, उलट दगडी पायावरच्या पिकाची मुळे खोल जाऊ शकत नाहीत, म्हणून ते खुरटते आणि लवकर पिवळे पडते. चौथा ओलीचा: पावसानंतर रान वाळताना खंदकाची जागा एक-दोन दिवस जास्त काळसर राहते.

पहिल्यांदा मातीत आणि मग पिकात दिसलेल्या खुणेचे एक जुने उदाहरण स्टोनहेंजच्या परिसरातले आहे. गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला १९२५ च्या डिसेंबरात एका नांगरलेल्या शेतात ठिपक्यांची वर्तुळे दिसली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच शेतातल्या गव्हात ती गडद होऊन उमटली, आणि उत्खननात लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा लंबवर्तुळे एकात एक अशी सापडली. आज ती जागा वुडहेंज म्हणून ओळखली जाते. पिकावर पाण्याचा जितका ताण, तितकी खूण ठळक. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या बॉइन खोऱ्यात न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून एक अज्ञात वर्तुळाकार रचना दिसली, तीही पीक करपल्यामुळेच.

आपल्याकडे या चौघांतला दुसरा प्रकार, म्हणजे मातीचा रंग, सर्वांत भरवशाचा आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दरवर्षी स्वतःलाच उलथवते. बारीक चरांच्या रेघा तिच्यात टिकत नाहीत. पांढरीचा ठिपका मात्र कित्येक हेक्टरांचा असतो, आणि त्याला भेगांनी काही होत नाही. पिकातली खूण शोधायची असेल तर ती कोरडवाहू रब्बी ज्वारीत किंवा हरभऱ्यात शोधावी, कारण ही पिके जमिनीत साठलेल्या ओलीवर येतात. उसाच्या किंवा केळीच्या बागायतीत पाण्याचा ताणच पडत नाही, म्हणून तिथे बहुधा काही उमटत नाही.

पायरी पहिली: क्षेत्र छोटे ठेवा आणि आधी कागद वाचा

सुरुवातीला एका नदीचा पंधरा-वीस किलोमीटरचा पट्टा पुरे. त्या पट्ट्याचा १:५०,००० प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, तिथल्या गावांचे महसुली नकाशे आणि जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर जमवावे. गावनकाशात बेचिराख म्हणून नोंदलेले गाव, किंवा लोकांच्या तोंडी 'जुने गावठाण', 'पांढरीचे रान', 'गढी', 'कोट', 'टेकाड' अशी नावे असलेली शेते वेगळ्या रंगाने खुणावून ठेवावीत. रानांची नावे कोणी उगाच ठेवत नाही. ज्या शेताला चार पिढ्या 'पांढरी' म्हणत आल्या आहेत आणि जिथे आज एकही घर नाही, ते शेत यादीत सर्वांत वर असावे.

त्याबरोबर जागेची निवड कशी होत असे हेही ध्यानात घ्यावे. पूर आला तरी पाणी चढणार नाही असा उंच काठ, नदीचे वळण किंवा संगम, आणि हाताशी काळी जमीन, अशा ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या) शेतकऱ्यांची गावे वारंवार सापडली आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठचे दायमाबाद आणि नेवासे, पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठचे इनामगाव, तापीकाठचे प्रकाशे ही ठिकाणे नकाशावर लावून पाहिली की ही निवड लगेच लक्षात येते. दायमाबादचा विस्तार वीस हेक्टरांच्या आसपास आहे, पण तो अपवाद. बहुतेक वस्त्या एक ते चार हेक्टरांच्याच होत्या. आकार गोल धरल्यास त्यांचा व्यास साधारण ११० ते २२५ मीटर होतो, आणि पडद्यावर आपल्याला एवढ्याच आकाराचा डाग शोधायचा आहे, हे आधीच ठरवून घेतले म्हणजे नजर भरकटत नाही.

पायरी दुसरी: छायाचित्रे मिळवा

गूगल अर्थ प्रो विनामूल्य मिळते आणि त्यातली जुन्या तारखांची प्रतिमा-पट्टी हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे. इस्रोचे भुवन संकेतस्थळही सोबत उघडे ठेवावे.

तिसरा स्रोत अनेकांना ठाऊक नसतो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये गोपनीयतेतून मुक्त झाली. ती अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आधी स्कॅन झालेली विनामूल्य उतरवता येतात, बाकीच्यांसाठी थोडे शुल्क पडते. त्यांतल्या चांगल्या छायाचित्रांत दोन मीटरच्या आसपासची वस्तू कळते. रंग नाहीत, कडांना प्रतिमा ताणलेली असते, तरीही त्यांत जे दिसते ते आज कोणत्याही पैशाने पाहता येणार नाही. पैठणच्या वर गोदावरीचे खोरे जायकवाडीच्या नाथसागराखाली गेले. धरण १९७६ मध्ये पुरे झाले, म्हणजे कोरोनाच्या फिल्मवर ते खोरे अजून कोरडे आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर निघालेली बांधबंदिस्ती, पाझर तलाव, पुढे आलेली शेततळी आणि यंत्राने केलेली सपाटीकरणे, हे सारे त्या छायाचित्रांत जवळजवळ नाहीच.

कोरोनाची प्रतिमा आजच्या नकाशावर बसवण्यासाठी क्यूजीआयएस ही मुक्त प्रणाली पुरेशी आहे. जुळवणीसाठी देवळे, बारवा आणि नाल्यांचे संगम असे निदान आठ बिंदू घ्यावेत. रस्त्यांच्या चौकांवर विसंबू नये, कारण रस्ते सरकतात. देऊळ सहसा जागचे हलत नाही.

पायरी तिसरी: महिना निवडा

नवखा अभ्यासक सर्वांत स्पष्ट प्रतिमा निवडतो. निवडायला हवा तो महिना. जुलै ते ऑक्टोबरमधली कितीही तीक्ष्ण प्रतिमा हिरव्या चादरीखाली सारे झाकून टाकते. मातीच्या रंगासाठी मार्च ते मे, त्यातही नांगरट होऊन ढेकळे उघडी पडलेली असतील ते आठवडे. पिकातल्या खुणांसाठी जानेवारी आणि फेब्रुवारी, ज्वारी पिवळी पडू लागते तेव्हा. ओलीच्या खुणांसाठी वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरचे दोन-तीन दिवस, अर्थात तशी तारीख नशिबाने मिळाली तर.

सावलीसाठी डिसेंबर-जानेवारी बरे, पण तिथेही अपेक्षा बेताची ठेवावी. बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. डिसेंबरातही त्या वेळी सूर्य चाळीसेक अंशांवर आलेला असतो आणि एक मीटर उंच बांधाची सावली जेमतेम मीटरभर पडते. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना तीच सावली साडेपाच मीटरांहून लांब असते. म्हणून झिजलेला तट पाहायचा असेल तर सूर्योदयानंतरचा पाऊण तास आणि ड्रोन, हाच मार्ग. त्यासाठी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार यंत्राची नोंदणी असावी आणि जागा कोणत्या क्षेत्रात येते हे आधी तपासलेले असावे.

इथे डोळ्यांचा एक मोठा धोका सांगितला पाहिजे. उजेड वरच्या बाजूने येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. उत्तर वर ठेवलेल्या सकाळच्या प्रतिमेत ऊन मात्र खालच्या उजव्या कोपऱ्यातून येते, त्यामुळे टेकाड खड्ड्यासारखे आणि खंदक बांधासारखा भासतो. शंका येताच प्रतिमा पूर्ण उलटी फिरवावी, आणि जवळच्या झाडाची किंवा घराची सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहूनच निर्णय करावा.

पायरी चौथी: ओळखीच्या जागांवर नजर तयार करा

अज्ञात शोधण्याआधी ज्ञात जागा वरून कशा दिसतात ते पाहण्यात आठ-दहा दिवस घालवावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण याला पर्याय नाही.

मातीचा तट शिकायचा असेल तर भंडारा जिल्ह्यातले पवनी उघडावे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावाला एका बाजूने नदी आणि बाकीच्या बाजूंनी मातीचा प्राचीन तट व खंदक आहे. इथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तट स्वतः जितका दिसतो त्याहून अधिक त्याचा भोवतालावर पडलेला प्रभाव दिसतो. खंदकाच्या जागी पाणी साचलेले तुकडे आणि सखल शेते कमानीसारखी ओळीने लागतात, वाटा तटाला वळसा घालतात किंवा जिथे तो फुटलेला आहे तिथेच आत शिरतात, आणि बाहेरची शेते चौकोनी असताना तटालगतच्या शेतांचे बांध मात्र वाकलेले असतात. हे वाकलेले बांध नीट मनात ठसवून घ्यावेत. तट पूर्ण नांगरून गेला तरी बांधाचे वळण मागे उरते, कारण शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्या उंचवट्याला धरूनच हद्द ठेवत आलेला असतो.

भौमितिक नमुन्यासाठी भुवनेश्वरजवळचे शिशुपालगड हे तटबंदीचे प्राचीन शहर पाहावे. १९४८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी तिथे उत्खनन केले. सुमारे सव्वा किलोमीटर बाजूचा चौरस, प्रत्येक बाजूला दोन याप्रमाणे आठ दरवाजे, आणि भोवती पाण्याची रेघ. आजचे शहर कोपऱ्यांपर्यंत येऊन भिडले आहे, म्हणून इथे तारखांची पट्टी मागे-पुढे सरकवून तेच रूप वर्षागणिक कसे झाकले गेले ते बघण्यासारखे आहे.

विदर्भातली शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, हा तिसरा धडा. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे दहा-पंधरा मीटरच्या आसपासची आहेत आणि पडीक माळावर, उन्हाळ्यात गवत वाळल्यावर, फिकट कड्यांसारखी दिसतात. ती एकेकटी नसतात, पुंजक्यांनी असतात. एकच वर्तुळ दिसले तर दुसरे काही असण्याचा संभव जास्त.

शेवटी दायमाबाद आणि इनामगाव. इनामगावात उत्खननकारांना पाण्याचा पाट आणि त्यालगतचा बांध सापडला. तोही वरून ओळखू येईल अशी आशा धरून पाहणाऱ्याची निराशा होईल. काही रचना जमिनीखालीच राहतात, आणि छायाचित्रात काही दिसत नाही म्हणून तिथे काही नाही असे मानता येत नाही.

पायरी पाचवी: चाळणी

निवडलेल्या पट्ट्यावर ५०० मीटर बाजूच्या चौकोनांची जाळी टाकावी आणि प्रत्येक चौकोन एकाच प्रमाणावर, किमान तीन तारखांच्या प्रतिमांत पाहावा. काही दिसले नाही तर 'नाही' अशी नोंदही करावी. मनाला येईल तिथे फिरत राहिल्यास आपण ओळखीचे पुन्हा पुन्हा पाहतो आणि कोपरे सुटतात. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त पाहू नये. त्यानंतर डोळ्यांना सगळीकडे वर्तुळे दिसू लागतात.

खरी पांढरी नांगरलेल्या रानात कशी दिसते? कडा तुटक आणि पिसासारख्या असतात, कारण नांगर माती ओढून नेतो. हे पसरणे नांगराच्या तासांच्या दिशेने लांबलेले असते. मध्यभाग सर्वांत फिकट आणि बाहेर हळूहळू काळ्यात मिसळणारा असतो. डाग बांध ओलांडून दोन-तीन शेतांत पसरलेला असतो, हा फार चांगला पुरावा आहे, कारण आजच्या मालकाने केलेली कोणतीही गोष्ट सहसा त्याच्या बांधापाशी थांबते.

पायरी सहावी: फसव्या खुणा वगळा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. कालव्याखालच्या भागात अति पाण्याने चोपण झालेल्या जमिनीवर उन्हाळ्यात क्षारांची पांढरी पापडी येते आणि ती पांढरीसारखीच दिसते. पण तिचा आकार वर्षागणिक बदलतो, आणि ती उंचवट्यावर नाही तर सखल भागात असते. नदीकाठची चुनखडीची जमीनही फिकट असते, मात्र ती पिवळसर असून काठाला समांतर लांबच लांब पट्ट्याने जाते. जुने खळे, वीटभट्टीची जागा, विहिरीचा गाळ आणि मुरूम टाकलेला ढीग हे पन्नास मीटरच्या आत आटोपतात. नदीने सोडलेले जुने पात्र खंदकासारखे वळते, पण त्याच्या दोन्ही टोकांचा शोध घेतला की ते नदीलाच मिळते.

धुळे-नंदुरबारकडे तर एक खास सापळा आहे. तिथल्या बेसॉल्टमधून कठीण खडकाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, सरळ रेषेत मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत आणि वरून त्या हुबेहूब तटासारख्या दिसतात. तटाला कोपरा असतो, वळण असते, आत काहीतरी राखलेले असते. डाइक टेकड्या-नाले ओलांडून तशीच पुढे जाते.

मी स्वतः एकदा जानेवारीतल्या एका प्रतिमेत कोरडवाहू ज्वारीच्या शेतात गडद हिरव्या चौकोनांची ओळ पाहिली. प्रत्येक चौकोन सारख्या मापाचा, एकमेकांना चिकटून, जणू घरांची रांगच. महिनाभर त्यावर टिपणे काढली आणि मग त्या गावी गेलो. बांधावर बसलेल्या आजोबांना मोबाइलवर चित्र दाखवले तेव्हा ते सहजपणे म्हणाले, "अवो, पेरणीच्या आधी मेंढरं बसवली व्हती तिथं. रोज रातच्याला वाघर हलवायची." रात्रीत मिळालेल्या लेंडीखताने जिथे वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावली होती तेवढीच ज्वारी तरारली होती. मागच्या-पुढच्या वर्षांच्या प्रतिमा मी काळजीपूर्वक पाहिल्या असत्या तर चौकोन दरवर्षी जागा बदलतात हे तेव्हाच कळले असते. त्यानंतर मी एक नियम केला: निरनिराळ्या वर्षांच्या किमान तीन प्रतिमांत त्याच जागी त्याच आकारात न टिकणारी खूण यादीत घ्यायची नाही.

पायरी सातवी: मोजा, रेखाटा, दर्जा द्या

टिकलेल्या प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी, नदीपासूनचे अंतर, दिसलेल्या प्रतिमांच्या तारखा आणि खुणेचा प्रकार तक्त्यात लिहावा. वेगळ्या कागदावर हाताने रेखाटन करावे. जे स्पष्ट दिसते त्याला अखंड रेघ आणि जे आपण जोडून घेतो त्याला तुटक. उंचीसाठी इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहाची किंवा तत्सम विनामूल्य उंची-माहिती वापरता येते, परंतु तिच्यातला एकेक ठिपका साधारण तीस मीटरांचा असतो आणि उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. दहा मीटरचे टेकाड तिच्यात कळेल. दोन मीटरच्या उंचवट्यासाठी तिचा दाखला देऊ नये. शेवटी खात्रीलायक, संभाव्य आणि संशयित असे तीन दर्जे द्यावेत. घरी बसून कोणत्याही जागेला पहिला दर्जा देऊ नये.

पायरी आठवी: रानात जा

शेतमालकाला भेटून, चित्र दाखवून, त्याच्या परवानगीनेच शेतात पाय ठेवावा. उत्तम वेळ नांगरटीनंतरची आणि एखादा पाऊस पडून गेल्यावरची, कारण पावसाने धुतलेल्या खापऱ्या चटकन दिसतात.

प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका शेतात हा फरक मी पायांनी अनुभवला. बांधापासून शंभरेक पावले काळी ढेकळे होती, दगडासारखी, बुटाखाली न फुटणारी. मग पाच-सहा पावलांत जमीन बदलली. ढेकूळ हातात घेतले तर बोटांच्या चिमटीत चुरले आणि हाताला राखेसारखी भुकटी लागली. त्यात शिंपल्याचे तुकडे होते, जळक्या मातीचे लाल खडे होते, आणि अंगठ्याएवढी एक तांबडी खापरी होती, जिच्यावर काळ्या रंगाच्या दोन समांतर रेघा होत्या. नखाने टिचकी मारली तेव्हा ती धातूसारखी खणकन वाजली. उत्तम भाजलेल्या जोर्वे खापऱ्यांची, म्हणजे ताम्रपाषाणयुगीन तांबड्या भांड्यांच्या तुकड्यांची, ही ओळखीची खूण. फोटो काढला आणि ती होती तिथेच ठेवली.

तसे ठेवणेच योग्य. वरवरच्या खापऱ्यांचे फोटो मापपट्टीसह काढावेत, कोणत्या भागात दाट आणि कोठे विरळ आहेत त्याची पावलांनी मोजून नोंद करावी, पण काहीही उचलू नये आणि कुदळ तर लावूच नये. उत्खननाला शासनाचा परवाना लागतो. नाणी किंवा दागिन्यांचा साठा दिसला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. परवान्याविना खणलेल्या खड्ड्यातून वस्तू मिळते, पण ती कोणत्या थरातली हे कायमचे पुसले जाते, आणि मग त्या वस्तूकडून आपल्याला काहीच कळत नाही.

गावकऱ्यांना आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी: इथली पांढरी माती कोणी नेली का? धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात खत म्हणून ही माती पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेली गेली आहे, आणि आता ट्रॅक्टरने ती फार वेगाने जाते. कोरोनाच्या प्रतिमेत दोन हेक्टरांचे असलेले टेकाड आज अर्धे उरले असेल तर दोन्ही प्रतिमा शेजारी-शेजारी लावून, मधल्या उपलब्ध तारखांसह, किती भाग कधी गेला याचा आराखडा करावा.

हा आराखडा, तक्ता, रेखाटन आणि खापऱ्यांचे फोटो एकत्र करून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आपल्या मंडळ कार्यालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेकडे लेखी पाठवावेत आणि पोच घ्यावी. शेतमालकाचे नाव आणि अचूक अक्षांश-रेखांश फक्त त्या पत्रात असावेत. समाजमाध्यमांवर ते टाकल्यास गुप्तधन शोधणारे तुमच्या आधी तिथे पोहोचतात, रात्रीचे, कुदळी घेऊन.